गावातली मुलं अकरावी सायन्सला पोचवायची, तर आठवीपासून काय करावं

दहावीचा निकाल लागला की आमच्या भागात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "सायन्स आपल्याला झेपायचं नाही." आईवडील म्हणतात, कधी सरच म्हणतात, आणि गणितात ऐंशी पडलेली मुलगी गुपचूप आर्ट्सला नाव घालते. आर्ट्स काही कमी नाही. पण जिला सायन्स जमलं असतं, तिला एकदा विचारलंसुद्धा नाही, हे मला बघवत नाही. पाड्यावरची, तांड्यावरची, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली मुलं या न विचारलेल्यांत सगळ्यात जास्त असतात. शिक्षक असाल, शाळा व्यवस्थापन समितीत असाल किंवा गावातले नुसते शिकलेले माणूस असाल, तरी पुढची कामं तुम्हाला करता येतील.

यादी गुणांवरून करा

"सायन्सला कोण जाणार?" असं वर्गात विचारलं की तीच चारपाच मुलं हात वर करतात. म्हणून विचारायचंच नाही. सातवीच्या गणित-विज्ञानाच्या गुणांची यादी काढा, एक रेघ ठरवा आणि रेघेच्या वरचं प्रत्येक मूल सायन्सला जाणार असं धरून चाला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या फेडरल वे या शहरातल्या शाळांनी 2010 मध्ये हेच केलं. राज्याच्या परीक्षेत अपेक्षित पातळी गाठलेल्या मुलांची नावं शाळेनेच वरच्या पातळीच्या वर्गात घातली. नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. 2019 मध्ये त्या राज्याने सगळ्याच शाळांसाठी तसा कायदा केला. आपल्याकडे असा नियम नाही, पण एखाद्या शाळेने तो स्वतःपुरता पाळला तर अडवणारं कोणी नाही.

यादी झाली की त्या घरांत जा. पालकसभेची वाट बघू नका, कारण ज्यांच्याशी बोलायचं असतं ते त्या दिवशी मजुरीला गेलेले असतात.

आठवीत एनएमएमएसला बसवा

एनएमएमएस ही आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा. ती उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख. सातवीत 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना 50. शिष्यवृत्तीचं नूतनीकरण दरवर्षी ऑनलाइन करावं लागतं आणि ते राहून गेल्याने पैसे थांबलेली मुलं मी पाहिली आहेत. शाळेत एकाच्या नावावर हे काम लावून द्या.

भाषेची तयारी नववीतच सुरू करा

माझ्या मते मुलं सायन्स सोडतात ती विषय कठीण म्हणून कमी आणि इंग्रजीमुळे जास्त. दहावीपर्यंत "त्वरण" शिकलेलं मूल अकरावीत "ॲक्सलरेशन" ऐकतं आणि हे आपल्याला येतंय हेच त्याच्या लक्षात येत नाही. उपाय साधा आहे. नववीपासून एक वेगळी वही ठेवायची. प्रत्येक धड्यातले दहा शब्द डावीकडे मराठीत, उजवीकडे इंग्रजीत: आम्ल-ॲसिड, लंब-परपेंडिक्युलर, घनता-डेन्सिटी. दहावीअखेर काही शे शब्द अंगवळणी पडलेले असतात.

दहावीची परीक्षा ते अकरावीचा वर्ग हा मोकळा काळ वाया घालवू नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावीची पुस्तकं फुकट मिळतात. फिजिक्सचा दुसराच धडा "मॅथेमॅटिकल मेथड्स" हा आहे, म्हणजे सदिश (व्हेक्टर) आणि कलन (कॅल्क्युलस) यांची तोंडओळख. कॉलेजात इथेच पहिली ठेच लागते. तेवढा धडा आणि गणितातली त्रिकोणमिती एखाद्या बीएस्सी झालेल्या ताईकडून किंवा दादाकडून सुट्टीत करून घ्या. पालकांना हेही सांगा की नीट आणि जेईई मेन या परीक्षा मराठीतूनही देता येतात. एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीतून घेता येतं, गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत असतो.

कागदपत्रं

जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तिथे नॉन-क्रिमिलेअर, हे दहावीचं वर्ष चालू असतानाच काढून ठेवा. निकालानंतर सेतू केंद्रावर रांग लागते. जात वैधतेचा अर्ज अकरावीतच कॉलेजमार्फत करा, कारण बारावीनंतर राखीव जागेवर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाताना तिच्यावाचून अडतं. तिच्यासाठी जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचे, जमातींना 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर महसुली नोंदी शोधाव्या लागतात, आणि त्यात महिने जातात.

प्रवेशाचा फॉर्म

2025-26 पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. जास्तीत जास्त दहा कॉलेजांचा पसंतीक्रम देता येतो. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर मूल पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडतं. म्हणून पहिलं नाव ऐकीव कीर्तीवर टाकू नका. कॉलेज अनुदानित की स्वयंअर्थसहाय्यित, हे आधी बघा. फीमध्ये फार फरक पडतो.

त्याच दिवशी बसही बघा. एसटीत ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, पण प्रॅक्टिकल साडेचारला संपत असेल आणि गावाकडची शेवटची गाडी चारची असेल तर पास असून काय उपयोग? अशा वेळी ग्रामपंचायतीचं पत्र, मुलींच्या नावांची यादी आणि कॉलेजचं वेळापत्रक घेऊन डेपो मॅनेजरला भेटा. एकट्या बापाने केलेल्या अर्जापेक्षा या कागदांना वजन येतं. गाडीचं जमलंच नाही तर समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा अर्ज मुदतीत भरा.

पहिले तीन महिने

प्रवेश झाला की गाव निश्चिंत होतं, आणि नेमकी तेव्हाच मुलं गळतात. ओबीसी, विमुक्त-भटक्या आणि विशेष मागास प्रवर्गातल्या सायन्सच्या मुलांसाठी नागपूरची महाज्योती ही सरकारी संस्था जेईई, नीट आणि सीईटीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅबलेट आणि डेटासह. इतरांनी बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबींसाठी), टीआरटीआय (आदिवासींसाठी) या तशाच सरकारी संस्थांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावं. पैशाच्या क्लासची घाई नको.

पहिल्या घटक चाचणीत पंचवीसपैकी नऊ-दहा पडतात. नव्वद टक्क्यांची सवय असलेलं मूल त्या दिवशी घरी येऊन "मला आर्ट्सला टाका" म्हणतं. हे आधीच घरी सांगून ठेवा: पहिल्या चाचणीत गुण कमी पडतात, सगळ्यांनाच पडतात, दिवाळीपर्यंत शाखा बदलायचा विषय काढायचा नाही. मागच्या वर्षीच्या मुलीला तिच्या पहिल्या चाचणीचा पेपर घेऊन त्या घरी पाठवा. तिच्या पेपरावरचे अकरा गुण बघून आईचा जीव जेवढा भांड्यात पडतो, तेवढा आपल्या बोलण्याने पडत नाही.