रात्री हाताला मुंग्या येतात? आधी मनगटाच्या पट्ट्यातली पट्टी सरळ करा

रात्री दोन-तीनला हात बधिर होऊन जाग येते. हात झटकला, पलंगाखाली लोंबकळत सोडला की जरा बरं वाटतं. सकाळी बोटं सुजल्यासारखी जड वाटतात आणि ब्लाउजचे हुक लावताना वैताग येतो. ही तक्रार घेऊन माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या बहुतेकींच्या पिशवीत तोवर तीन गोष्टी जमलेल्या असतात: मानेचा एक्स-रे, बी-कॉम्प्लेक्सची पाकिटं आणि दाबायचा रबरी चेंडू. त्यातला चेंडू आधी घरातल्या पोराला खेळायला देऊन टाका. मनगटात नस दाबली जात असताना मुठी आवळण्याचा व्यायाम करायला सांगणाऱ्याने हा आजार समजून घेतलेला नाही.

नक्की कोणती बोटं?

आठवडाभर रोज सकाळी कागदावर हाताचा पंजा काढा आणि जिथे मुंग्या आल्या तिथे पेन्सिलीने रंगवा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू रंगली आणि करंगळी कोरी राहिली, तर संशय कार्पल टनेलवर, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात नस दाबली जाण्यावर. करंगळीही रंगली तर नस दुसरी असू शकते. मुंग्या मान किंवा खांद्यापासून खाली उतरत असतील आणि मान वळवल्यावर वाढत असतील तर मान बघायला हवी. दोन्ही तळपायही जळत असतील तर साखर आणि बी-१२ तपासा. चाळिशीनंतर काहीही त्रास नसलेल्या बऱ्याच जणांच्या मानेच्या एक्स-रेतही थोडीफार झीज दिसते. तेवढ्यावरून गळ्यात कॉलर अडकवून घेऊ नका.

मनगटाची आठ हाडं परातीसारखी खोलगट बसलेली असतात आणि वरून एक जाड, न ताणणारा अस्थिबंध असतो. मधल्या जागेतून बोटं वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक मीडियन नस जाते. आत जरा सूज आली की सगळ्यात मऊ असलेली नस चेपली जाते. तळहाताच्या मुळाशी असलेल्या त्वचेला जाणारी या नसेची शाखा मात्र या बोगद्याच्या वरून जाते, म्हणून बोटं बधिर झाली तरी तिथली त्वचा सहसा शाबूत राहते.

घरी करून बघायची एक चाचणी आहे. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकींना टेकवा, बोटं खाली सोडा, कोपरं बाहेर ठेवा आणि एक मिनिट थांबा. त्याच बोटांत मुंग्या आल्या तर संशय वाढतो. पक्कं निदान डॉक्टर करतील, गरज पडली तर एनसीव्ही, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी, करून. थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हा त्रास सुरू झाला असेल तर बाळंतपणानंतर तो बहुतेकींचा आपोआप ओसरतो, तोवर रात्री मनगटाला बांधायचा पट्टा पुरतो.

पट्टा: इथेच सगळं बिघडतं

एक बाई पोळी-भाजी केंद्र चालवायच्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमचा तो पट्टा लावला की जास्तच बधिरतं. मी काढून ठेवला." मी पट्टा घेऊन यायला सांगितलं. पट्टा चांगला होता, मापही बरोबर होतं. आतली धातूची पट्टी दुकानातून आली तशीच वाकलेली होती.

मेडिकलमध्ये "मनगटाचा पट्टा द्या" म्हटलं की तीन वेगळ्या वस्तू हातात पडू शकतात. अंगठ्यात अडकवायचा नुसता इलॅस्टिकचा पट्टा मनगट वाकण्यापासून थांबवत नाही, तो नको. अंगठ्यासकट आवळणारा पट्टा अंगठ्याच्या दुखण्यासाठी असतो, तोही नको. तळहाताच्या बाजूला आत धातूची पट्टी असलेला कॉक-अप स्प्लिंट मागा. मनगटाचा घेर मोजून आणि डावा-उजवा बघूनच घ्या.

हा स्प्लिंट मुळात मनगट मागे, म्हणजे हाताच्या पाठीकडे, साधारण वीस ते तीस अंश वळवून धरण्यासाठी बनवलेला असतो. मनगट लुळं पडलेल्या माणसाला वस्तू पकडण्यासाठी ती स्थिती उत्तम, आणि आम्हाला शिकतानाही कॉक-अप म्हणजे तीच स्थिती असं घोटवलेलं असतं. कार्पल टनेलला ती चालत नाही. १९८१ मध्ये अमेरिकेत गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी मनगटाच्या आत बारीक नळी घालून दाब मोजला. मनगट सरळ असताना निरोगी लोकांत तो सरासरी २.५ मिलिमीटर पारा होता, रुग्णांत ३२. रुग्णांनी मनगट पूर्ण पुढे वाकवल्यावर तो ९४ झाला आणि मागे वाकवल्यावर ११०. म्हणजे मागे वळणंही पुढे वाकण्याइतकंच वाईट. वीस-तीस अंशांत तो इतका चढत नाही, पण रात्रभर नसेला विसावा द्यायचा तर मनगट सरळच हवं.

म्हणून नवीन पट्टा आणल्यावर पहिलं काम हे: तळहाताकडच्या कप्प्याचं वेल्क्रो उघडा आणि आतली अॅल्युमिनियमची पट्टी बाहेर ओढा. ओट्याच्या कडेवर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबा, सहज सरळ होते. हातोडी लागत नाही. तळव्याच्या खोलगटपणापुरता अगदी किंचित बाक राहू द्या. पट्टी परत घाला, स्प्लिंट बांधा आणि हाताच्या पाठीवर शाळेची स्केल ठेवा. स्केल मनगटापलीकडून बोटांच्या गाठींपर्यंत जवळपास सपाट टेकली पाहिजे. पंजा वर उचललेला दिसला तर पट्टी काढा आणि पुन्हा दाबा. हे एका झटक्यात बसत नाही, दोन-तीनदा करावं लागतंच. पंजा करंगळीकडे किंवा अंगठ्याकडे कललेला नाही ना, तेही बघा.

मग स्प्लिंट आवळायचे वेल्क्रोचे पट्टे. घट्ट म्हणजे जास्त गुण, या समजुतीपायी लोक मनगटावरचा पट्टा असा आवळतात की बाहेरूनच दाब पडतो. प्रत्येक पट्ट्याखाली एक बोट सहज सरकायला हवं. स्प्लिंटची पुढची कड तळहातावरच्या वरच्या आडव्या रेषेच्या अलीकडेच थांबली पाहिजे, म्हणजे बोटं मुळापासून मोकळी वाकतील. उकाड्यात घाम येतो, खाज सुटते आणि चौथ्या रात्री पट्टा उशाखाली जातो. त्यावर उपाय म्हणजे जुन्या सुती मोज्याचा पुढचा भाग कापून त्याची बाही आत घाला. वेल्क्रोत कापसाचे धागे अडकले की तो धरत नाही, जुन्या टूथब्रशने साफ करा.

आणि हा पट्टा रात्री घालायचा. दिवसा तो घालून कणीक मळणाऱ्या बायका मी रोज बघते. पट्टा एकीकडे ओढतो, तुम्ही दुसरीकडे जोर लावता आणि संध्याकाळी हात आणखी ठणकतो. रोज रात्री, न चुकता, किमान सहा आठवडे. एक रात्र घातला, तीन रात्री विसरला, असं केलं तर पट्ट्याला नावं ठेवू नका.

दिवसा

कीबोर्डला सगळे शिव्या घालतात, पण त्याच्याविरुद्धचा पुरावा कच्चा आहे. जोर लावून पुन्हा पुन्हा पकडणं आणि ड्रिल-ग्राइंडरसारखी थरथरणारी यंत्रं यांचा संबंध जास्त पक्का. चादरी पिळणं मशीनवर किंवा घरातल्या दुसऱ्या कुणावर ढकला. स्कूटर चालवताना मनगट खाली पाडून अॅक्सिलरेटर पिळू नका. झोपताना मोबाइल चेहऱ्यासमोर धरून मनगट मुडपण्याची सवय सोडा. तेल चोळायचं तर चोळा, नसेवर जोराने दाबू नका. दुखण्याच्या गोळ्यांनी मुंग्या जात नाहीत.

थांबायचं नाही अशी वेळ

बधिरपणा आता दिवसभर असतो, हातातून भांडी निसटतात, किंवा दोन्ही तळवे शेजारी धरल्यावर एका अंगठ्याच्या मुळाचा फुगवटा सपाट झालेला दिसतो. यातलं काहीही असेल तर सहा आठवड्यांचं गणित सोडा आणि लगेच ऑर्थोपेडिक किंवा हँड सर्जनकडे जा. स्नायू एकदा वाळला की शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण भरून येईलच असं नाही. "ऑपरेशन नको, बघू पावसाळ्यानंतर" म्हणणाऱ्यांचं नुकसान इथेच होतं.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे ते काही महिने आराम पडतो. ते घ्यायला हरकत नाही, पण त्रास परत आला की पुन्हा एक, मग आणखी एक, अशी माळ लावू नका.

शस्त्रक्रियेत तो अस्थिबंध कापून नसेला जागा करून देतात. बहुतेक वेळा फक्त हात बधिर करून, त्याच दिवशी घरी. रात्रीच्या मुंग्या बहुतेकांच्या लवकर थांबतात, टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. बोटं त्याच दिवसापासून हलवायची. ज्याची कुणी आधी कल्पना देत नाही ते तळहाताच्या मुळाचं दुखणं: जमिनीवर हात टेकून उठताना तिथे सणक जाते आणि ती दोन-तीन महिने राहू शकते. तोवर पूजेला, जेवायला खुर्ची घ्या आणि उठताना दुसऱ्या हाताचा किंवा कोपराचा आधार घ्या.