ओबो वाजवताय? गोव्याच्या हवेत या चुका टाळा

फोंड्याकडच्या देवळांत सनई ऐकत वाढलेल्या मुलाच्या हाती ओबो हे पाश्चात्त्य फुंकवाद्य आलं, की पहिल्याच दिवशी तो जीव खाऊन फुंकतो. नातं तसं जवळचंच. दोन्हींची नळी खाली रुंदावत जाणारी, दोन्हींचा सूर पात्यांच्या थरथरीतून निघणारा. पण ओबोच्या दोन पात्यांमधली फट इतकी अरुंद, की हवा छातीतच साचून राहते. मुलं म्हणतात, "सर, दम पुरत नाही." खरं तर दम उरलेला असतो, आणि ती शिळी हवाच गुदमरवते. म्हणून ओळ संपली की आधी श्वास सोडा, मगच घ्या. कागदावर पेन्सिलीने दोन्हींच्या वेगळ्या खुणा करा. पहिल्या आठवड्यात मी हेच शिकवतो, बोटं नंतर.

सूर फाटला की पोरं वाद्याला दोष देतात. आधी रीड, म्हणजे ती दोन पात्यांची जोडी, उजेडात धरून पाहा. टोकाची फट मिटली असेल, तर ती कोरडी आहे. फार उघडी असेल, तर जास्त भिजली आहे. दोन-तीन मिनिटं स्वच्छ पाण्यात ठेवली की पुरते, पावसाळ्यात त्याहून कमी. मग नुसती रीड ओठांत घेऊन फुंका. पाश्चात्त्य स्वरांतला 'सी' दोन सप्तकांत एकदम कुरकुरला, तर रीड ठीक आहे. आणि कृपा करून ओली रीड घट्ट झाकणाच्या डबीत बंद करू नका. जुलैत चार दिवसांत तिच्यावर काळी बुरशी चढते. भोकं असलेली डबी घ्या.

सगळ्यांत महाग पडते ती घाई. माझ्या एका विद्यार्थिनीचा ओबो ग्रेनाडिला लाकडाचा, नवाकोरा. बाहेरच्या दमट हवेतून ती थेट एसी सभागृहात शिरली आणि लगेच वाजवू लागली. आतून गरम, ओला श्वास, बाहेरून गार लाकूड. वरच्या तुकड्यावर दोन छोट्या छिद्रांमध्ये केसाएवढी रेघ उमटली. त्या रेघेने माझ्याच पोटात खड्डा पडला. आधी वरचा तुकडा हातात, काखेत धरून ऊब द्या. नवं लाकूड सुरुवातीला दिवसाला दहा-पंधरा मिनिटंच वाजवा, आणि वाजवून झालं की दर वेळी आतून कापड फिरवा. नवशिक्याने प्लास्टिकचा ओबो घेतला, तर मला त्यात काहीच कमीपणा वाटत नाही.

मध्येच सूर गुरगुरला तर छिद्रात पाणी साचलंय. छिद्र झाकणाऱ्या गादीखाली सिगारेटचा पातळ कागद ठेवून हलकेच दाबा. गादी उघडल्यावरच कागद काढा, दाबलेली असताना ओढलात तर ती फाटते.

आता 'ए' या सुराबद्दल. वाद्यवृंद ओबोच्या 'ए'वर सूर लावतो, कारण त्याचा आवाज गर्दीतून आरपार जातो. बासरी, क्लॅरिनेटसारखा सांधा ओढून ओबोचा सूर फारसा हलवता येत नाही, तो रीडमध्येच ठरतो. हा 'ए' ४४० हर्ट्झचा (सेकंदाला ४४० कंपनं) की ४४२चा, हे आधी ठरलेलं असतं. तरी बरेच जण ट्यूनरच्या, म्हणजे सूर मोजणाऱ्या यंत्राच्या, काट्याकडे बघत ओठ आवळून 'ए' देतात. काटा बरोबर येतो, पण रचना सुरू झाली की ओठ सैल पडतात आणि सूर उतरतो. बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीत, पहिल्या भागात, सगळे थांबतात आणि ओबो एकटाच गातो. तिथे हा उतरलेला सूर झाकायला कोणी नसतं. त्यामुळे वाद्य तापल्यावर, डोळे मिटून, जसा वाजवणार तसाच 'ए' आधी द्या, कंप न घालता. काट्याकडे मग बघा. चुकला असेल तर ओठ आवळू नका, रीड बदला.