ओढ्याचं नाव कसं शोधायचं

दिंडोरी तालुक्यात मी २५ वर्षं जमिनी मोजल्या. नकाशावर दोन नागमोडी रेघा काढायच्या आणि मध्ये नुसतं 'नाला' लिहायचं, हे मीही केलंय. त्याचं वाईट वाटतं, म्हणून आता निवृत्तीनंतर ती नावं शोधत हिंडतो. तुमच्या गावात करायचं असेल तर असं करा.

आधी ओढा चाला. भाद्रपद सरता सरता, पाऊस उघडला की निघा. धार चालू असते, पात्र कळतं. सुरुवात संगमापासून करा आणि वर जा. डोंगरातून खाली निघालात तर शंभर ओघळी, त्यातली मूळ कुठली हे ठरत नाही. खालून जाताना दर फाट्यावर एकच प्रश्न येतो, की जास्त रानाचं पाणी कुठला फाटा आणतो? तिकडे वळा. डावा-उजवा काठ लिहिताना तोंड उताराकडे ठेवा.

पाणी शेवटी कुठं जातं तेही लिहाच. सातमाळा रांगेच्या उत्तरेला, कळवणच्या बाजूला पडलेलं पाणी गिरणेतून तापीला आणि अरबी समुद्राला मिळतं. दक्षिणेला, आमच्या अंगाला पडलेलं कादवेतून नांदूर मधमेश्वरला गोदावरीत येतं आणि बंगालच्या उपसागरात जातं. एकाच कड्याच्या दोन बाजू!

आता नाव. "ह्या ओढ्याचं नाव काय?" असं विचारलंत तर उत्तर येईल, "ओढाच की." विचारायचं असं: "आजी, धुणं कुठं न्यायचात?" "बाबा, गुरं पाण्यावर कुठं?" "पूर आला की कुठली वाट बंद पडायची?" मग नावं निघतात: म्हसोबाचा डोह, उंबराचा झिरा, वरची लवण. बायकांना जास्त ठाऊक असतं, त्यांच्याकडे आधी जा.

एकदा एका म्हाताऱ्या बाबांनी सांगितलेलं नाव मी अख्ख्या ओढ्याला लावलं. पुढच्या वस्तीवर गेलो तर ते फक्त एका डोहाचं निघालं. वस्तीवाल्यांचं नाव वेगळंच होतं. तेव्हापासून वरच्या, मधल्या आणि खालच्या वस्तीवर वेगवेगळं विचारतो, आणि नाव बदललं तर कुठल्या बांधाला बदललं ते टिपतो. दोन्ही नावं ठेवा. नाशकातली नंदिनी नदी लोकांच्या तोंडी नासर्डीच आहे ना?

कागद त्यानंतर. सर्वात कामाची जुनी खरेदीखतं. चतुःसीमेत, म्हणजे जमिनीच्या चारी बाजूंच्या हद्दीत, 'पूर्वेस अमक्याचा ओहोळ' असं सहज लिहिलेलं असतं. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. सर्वे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा घ्या. आमच्या भागात त्याचा क्रमांक २० अंश अक्षांशाच्या उत्तरेला ४६ एच नं सुरू होतो, दक्षिणेला ४७ ई नं. त्यावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा, ओढ्यापाशी टोकदार वळतात आणि ते टोक उगमाकडे असतं. चालताना चुकलेला फाटा तिथं सापडतो.

वहीत प्रत्येक नावाशेजारी गट नंबर, सांगणाऱ्याची वस्ती आणि तारीख घाला, आणि उच्चार जसा ऐकला तसाच लिहा. 'व्हळ' ऐकलात तर 'ओहोळ' करू नका.