ट्यूबचं टॉर्शन: आधी कॅल्क्युलेटर, मग सॉफ्टवेअर

एका बाजूला बोर्ड टांगलेला खांब वाऱ्याने नुसता वाकत नाही, पिळलाही जातो; हेच टॉर्शन. अशी ड्रॉइंग माझ्याकडे तपासायला येतात ती एफईएमच्या (वस्तूचे छोटे तुकडे पाडून ताण काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) रंगीत चित्रांसकट. चित्रं मी नंतर बघतो.

दोन इंची बी-क्लास ट्यूब घ्या: बाहेरचा व्यास 60.3 मिमी, जाडी 3.6. टॉर्क, म्हणजे पिळणारा जोर, 1000 न्यूटन-मीटर.

पहिला हिशेब पातळ भिंतीच्या बंद ट्यूबसाठीच्या, जर्मन इंजिनिअर ब्रेटच्या 1896 च्या सूत्राने. टॉर्कला क्षेत्रफळ आणि जाडीच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचं. क्षेत्रफळ मात्र भिंतीच्या मधल्या रेषेने वेढलेलं, म्हणजे 56.7 मिमी व्यासाचं: 2525 चौरस मिमी. शिअर स्ट्रेस (पिळामुळे भिंतीत येणारा ताण) 55 मेगापास्कल. बाहेरचा व्यास धरलात तर 48.6 येईल आणि ट्यूब उगाच भक्कम वाटेल.

मग पोकळ शाफ्टचं नेहमीचं सूत्र लावा. बाहेरच्या कडेला 58.3 येतं. ब्रेट जाडीभरची सरासरी देतो, म्हणून हा पाच-सहा टक्क्यांचा फरक. पिळाचा कोन दोन्हीकडे सारखाच, मीटरला साधारण 1.44 अंश. तेव्हा कोनासाठी ब्रेट खुशाल वापरा. गोल ट्यूबच्या स्ट्रेससाठी मी शाफ्टचंच सूत्र धरतो. चौकोनी ट्यूबला ते लावायचंच नाही, तिथे ब्रेटच. भिंतींची जाडी वेगवेगळी असेल तर सर्वांत जास्त स्ट्रेस सर्वांत पातळ भिंतीत.

आता खरा प्रश्न: सेक्शन (आडवा छेद) बंद आहे का? पत्रा वळवून केलेल्या ट्यूबचा लांबीभरचा जोड वेल्ड केलाच नाही, तर ती ट्यूब उरत नाही, वळवलेली पट्टी होते. पट्टीच्या सूत्रात जाडीचा घन येतो. पिळाला होणारा विरोध 186 पट घटतो आणि कागदावर स्ट्रेस 1300 च्या घरात जातो. नेहमीच्या ट्यूबचं स्टील 210 ते 310 मेगापास्कललाच यील्ड होतं, म्हणजे कायमचं ताणलं जाऊ लागतं. सूत्रांमधल्या पाच टक्क्यांवर वाद घालणारे हा जोड बघत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

एफईएम लागतं ते वायरिंगच्या खिडकीपाशी, बेसप्लेटच्या वेल्डपाशी, चौकोनी ट्यूबच्या आतल्या कोपऱ्यात. शेल (मॉडेलमधला भिंतीचा बिनजाडीचा पृष्ठभाग) मधल्या रेषेवर काढा. आधी खिडकीशिवाय साधी ट्यूब चालवा आणि टोकांपासून लांब वाचा: 55 ते 58 च्या आसपास यायला हवं. हजाराच्या वर आकडा दिसला, तर जोडावरचे नोड (मॉडेलच्या जाळीचे बिंदू) मर्ज, म्हणजे एकत्र, झालेले नाहीत; सॉफ्टवेअरला ट्यूब उघडी दिसतेय.

प्रत्यक्ष मोजायचं असेल तर एकाच जागी, अक्षाशी 45 अंशांवर, एकमेकांना काटकोनात दोन स्ट्रेन गेज (पृष्ठभाग किती ताणला-दबला ते मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवा. एकावर अधिक 380, दुसऱ्यावर उणे 380 मायक्रोस्ट्रेन (लांबीतला बदल, दहा लाखाव्या भागांत) अपेक्षित आहे. वाकण्याचा वाटा दोन्हींत सारखाच मिसळतो, म्हणून एकातून दुसरं वजा करा. साधारण 760 उरायला हवेत.