२० एचपी मोटरसाठी स्टार-डेल्टा पॅनेल कसे बांधावे

कारखान्यातील पंप आणि ब्लोअर यांच्यासाठी लागणारे स्टार-डेल्टा पॅनेल हे वरवर पाहता साधे काम वाटते, परंतु पॅनेल वायरमनला पुढे आयुष्यभर लागणाऱ्या बहुतेक सवयी याच कामात घडतात. येथे कूलिंग वॉटर पंपाच्या १५ किलोवॅट, म्हणजेच २० एचपी, मोटरचे उदाहरण घेतले आहे. पुरवठा आपल्याकडील नेहमीचा, ४१५ व्होल्ट, थ्री फेज, ५० हर्ट्झचा आहे.

पत्र्याला हात लावण्यापूर्वी मोटरची नेमप्लेट स्वतः वाचावी. ४१५ व्होल्टला मोटर डेल्टामध्ये चालणारी असेल आणि तिच्या टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके बाहेर काढलेली असतील, तरच स्टार-डेल्टा स्टार्टर वापरता येतो. हा स्टार्टर मोटरची वाइंडिंगे आधी स्टारमध्ये, म्हणजे तिन्हींची एकेक टोके एकत्र बांधून, जोडतो आणि मोटरने वेग घेतल्यावर टायमरने डेल्टामध्ये, म्हणजे एकाचे टोक पुढच्याला जोडून, बदलतो. स्टारमध्ये लाइनचा करंट थेट सुरू करण्याच्या तुलनेत एक तृतीयांश होतो, पण टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, हीही तितकीच घटते. पंपाला सुरुवातीच्या कमी वेगात फारसा टॉर्क लागत नसल्यामुळे त्याचे यात भागते. मालाने भरलेला कन्व्हेयर मात्र स्टारमध्ये जागचा हलणार नाही, आणि तशी मागणी आल्यास ग्राहकाशी आधीच बोलावे.

आपल्या मोटरचा फुल लोड करंट सुमारे २७ अँपिअर आहे. मेन आणि डेल्टा या दोन कॉन्टॅक्टरमधून (कॉइलला वीज मिळताच ओढला जाणारा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर) त्याच्या ०.५८ पट, म्हणजे साधारण १५.७ अँपिअर, तर स्टार कॉन्टॅक्टरमधून एक तृतीयांश, म्हणजे ९ अँपिअर जातात. हिशेबाने एसी-३ ड्यूटीचे (मोटर चालू-बंद करण्यासाठीच्या वर्गाचे) १८ अँपिअरचे दोन आणि १२ अँपिअरचा एक कॉन्टॅक्टर पुरतो. उष्ण व धुळीच्या जागी मी पहिले दोन २५ अँपिअरचे घेतो. इनकमिंगला ६ चौरस मिलिमीटरची आणि मोटरकडे जाणाऱ्या सहाही तारांना ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची फ्लेक्झिबल वायर ठीक असते. पॅनेल ते मोटर हे अंतर मोठे असेल, तर बाहेरच्या केबलचा आकार व्होल्टेज ड्रॉप पाहून वेगळा ठरवावा.

माउंटिंग प्लेटवर साहित्य नुसते मांडून पाहावे, आणि मगच छिद्रे पाडावीत. वर इनकमर (येणाऱ्या पुरवठ्याचा मुख्य स्विच), मधल्या रांगेत तिन्ही कॉन्टॅक्टर व टायमर, तळाशी ग्लँड प्लेटजवळ (केबल आत येण्याच्या पत्र्याजवळ) टर्मिनल, ही मांडणी सोयीची असते. वायरिंग चॅनेल आणि कॉन्टॅक्टरची टर्मिनले यांच्यामध्ये निदान ४० मिलिमीटर जागा ठेवावी, कारण तिथेच फेरूलवरचे (तारेवर घालायच्या नंबरच्या नळीवरचे) नंबर वाचायचे असतात. चॅनेलही एक तृतीयांश रिकामा राहू द्यावा. दरवाजावर कमी व्होल्टेजची बटणे असोत वा नसोत, दरवाजा आणि बॉडी यांच्यात लवचीक अर्थिंग वायर जोडावीच, आणि तिच्या बोल्टखालचा पावडर कोटिंगचा थर खरवडून धातू उघडा करावा.

तार सोलताना एकही तंतू तुटू देऊ नये. लग, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा, तारेच्या मापाचाच घ्यावा, योग्य क्रिंपिंग टूलने दाबावा, आणि प्रत्येक लग हाताने ओढून पाहावा. स्क्रू उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळून त्यावर मार्करची रेघ मारावी. सैल टर्मिनल आधी तापते, मग काळे पडते, आणि तोवर बाहेरून कोणालाच काही कळत नाही. तारेच्या दोन्ही टोकांना ड्रॉइंगमधलाच नंबर असलेले फेरूल घालावे, आणि तेही लग मारण्यापूर्वी. नंतर ते चढत नाही.

आता ओव्हरलोड रिलेविषयी, म्हणजे करंट जास्त झाल्यास मोटर बंद करणाऱ्या उपकरणाविषयी, थोडे सविस्तर सांगतो, कारण सर्वांत महाग पडणारी चूक मी इथेच केलेली आहे. रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, मोटरच्या यू१, व्ही१, डब्ल्यू१ या तारांमध्ये बसवला असेल, तर त्यातून फक्त वाइंडिंगचा करंट जातो. म्हणून त्याचे सेटिंग २७ नव्हे, तर १५.७ अँपिअर हवे. सुरुवातीच्या काळात मी एका पॅनेलमध्ये अशा जागी बसवलेला रिले नेमप्लेट पाहून २७ वर ठेवला. तसे केल्यावर लाइनमध्ये जवळजवळ ४७ अँपिअर होईपर्यंत रिले ट्रिप होत नाही. पंपाचे बेअरिंग जड होत गेले, मोटर ओढत राहिली, आणि सहा महिन्यांत तिचे वाइंडिंग जळाले. रिले इनकमिंग लाइनमध्येच, फाटे फुटण्याआधी असेल, तर मात्र पूर्ण २७ अँपिअरचे सेटिंग बरोबर ठरते. तेव्हापासून मी रिलेशेजारी प्लेटवर ‘फेज करंट’ किंवा ‘लाइन करंट’ असे लिहूनच ठेवतो.

कंट्रोल सर्किटमध्ये स्टॉप बटण आणि रिलेचा ९५-९६ हा कॉन्टॅक्ट दोन्ही नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेले) असतात, त्यामुळे त्यांची तार तुटली तरी मोटर थांबते. सर्व कॉइलचे ए२ टोक थेट न्यूट्रलला जोडावे आणि सगळे कॉन्टॅक्ट फेजच्या बाजूला घ्यावेत. स्टार आणि डेल्टा कॉन्टॅक्टर एकाच वेळी ओढले गेले, तर तिन्ही फेज स्टारच्या लिंकमधून शॉर्ट होतात. म्हणून एकाचा नॉर्मली क्लोज्ड कॉन्टॅक्ट दुसऱ्याच्या कॉइलमध्ये घालावा, जोडीला मेकॅनिकल इंटरलॉकही (एक ओढलेला असताना दुसऱ्याला अडवणारी यांत्रिक कडी) बसवावा, आणि टायमर दोहोंमध्ये सुमारे ५० मिलिसेकंदांचा विराम देणारा घ्यावा.

तपासणी करताना आधी ड्रॉइंग हातात धरून प्रत्येक तारेची मल्टिमीटरने कंटिन्युइटी पाहावी आणि तपासलेली रेघ पेन्सिलीने खुणेची करावी. नंतर टायमर व इलेक्ट्रॉनिक मीटर सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन मोजावे; वाचन १ मेगाओहमपेक्षा कमी असल्यास पुढे जाऊ नये. त्यानंतर मोटर न जोडता फक्त कंट्रोल पुरवठा द्यावा, कॉन्टॅक्टरचा क्रम डोळ्यांनी पाहावा आणि रिलेचे टेस्ट बटण दाबून सर्व काही सुटते याची खात्री करावी.

साइटवर मोटर जोडताना डेल्टामध्ये यू१ बरोबर डब्ल्यू२, व्ही१ बरोबर यू२ आणि डब्ल्यू१ बरोबर व्ही२ एकत्र येतात, हे पडताळावे. पंप उलटा फिरला, तर दोन फेज पॅनेलच्या इनकमिंगलाच बदलावेत. मोटरजवळ नुसत्या यू१ आणि व्ही१ च्या तारा अदलाबदल केल्या, तर स्टारमध्ये मोटर हवी तशी फिरते, पण डेल्टात गेल्यावर एका वाइंडिंगच्या दोन्ही टोकांना एकच फेज येतो आणि मोटर उरलेल्या दोन वाइंडिंगवर करवादत चालते. ही चूक स्टारमधल्या चाचणीत कधीच दिसत नाही.

टायमर ठरीव आकड्यावर न ठेवता अँमीटर पाहून लावावा: स्टारमधला करंट खाली येऊन स्थिर झाला, की बदल व्हायला हवा, पंपाला बहुधा ५ ते १० सेकंद लागतात. शेवटी पूर्ण भारावर क्लँप मीटरने सहाही तारांचे करंट मोजावेत आणि ते आकडे, रिलेचे सेटिंग, टायमरची वेळ व तारीख एका कार्डावर लिहून ते दुरुस्त केलेल्या ड्रॉइंगसह दरवाजाच्या आतल्या खिशात ठेवावे.