वही घरी बांधायची तर कुठलं बायंडिंग परवडतंय

बायंडिंगचं मशीन बघायला जाताना पर्समध्ये पैशाच्या आधी एक कोरा ए४ कागद घाला. मशीनमध्ये तो कागद घालून हँडल दाबा आणि किती भोकं पडली ते तिथंच उभं राहून मोजा. मी हे केलं नव्हतं. एक झेरॉक्सचं दुकान बंद होत होतं, तिथलं मशीन निम्म्यात मिळतंय म्हणून रिक्षात घालून बेळगावच्या शापूरला आणलं, घरात सगळ्यांना सांगितलं वायरोचं, म्हणजे तारेच्या कड्यांनी वही बांधायचं, मशीन आलं म्हणून, वायरचा आख्खा बॉक्स मागवला, आणि पहिली वही ओवायला बसले तर एक कडी भोकात जात्या आणि पुढची दोन कागदावर आपटत्यात. गल्लीतल्या झेरॉक्सवाल्या अण्णांना दाखवलं तर ते हसायलाच लागले, "अक्का, हे कोंबचं हाय की, वायरो कुठलं."

तर मोजायचं असं. ए४ च्या लांब बाजूला २१ लांबट चौकोनी भोकं पडली तर ते कोंब बायंडिंग, म्हणजे प्लॅस्टिकच्या फण्या उघडून ज्याच्यात कागद अडकवतात ते. ३४ पडली तर वायरो, ज्याला ३:१ म्हणतात, इंचाला तीन. २३ पडली तर ते पण वायरोच पण २:१ वालं, जाड पुस्तकांसाठी. आणि बारीक गोल भोकं ४६-४७ च्या आसपास पडली तर ते आपलं प्लॅस्टिक स्पायरल, इंचाला चार. ह्यातलं एकाचं सामान दुसऱ्याला बसत नाही, थोडं दाबून ओढून बसेल असं वाटतंय पण नाही बसत, माझा बॉक्स पुढं वायरोचं मशीन घेईपर्यंत माळ्यावर पडून होता.

पण खरं सांगायचं तर मशीन हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न वहीचं करणार काय. आमच्याकडं पहिली ऑर्डर आली ती बचत गटाच्या हिशोबाच्या वह्यांची, आणि मी हौसेनं स्पायरल करून देणार होते, छान उघडत्या म्हणून. वहिनी म्हणाल्या, "अगं त्यातलं पान कुणी काढलं तर कळंल काय?" बरोबर होतं त्यांचं. स्पायरल, वायरो, कोंब, रिंग, सगळ्यातनं पान ओढून काढता येतंय आणि काढलेलं ध्यानात येत नाही. म्हणून तर पाडव्याला पूजेला ठेवतात ती व्यापाऱ्यांची लाल कापडाची चोपडी दोऱ्यानं शिवलेली असत्या, त्यातलं एक पान फाडलं तर जोडीचं दुसरं पान सुटून हातात येतंय. पैशाचा हिशोब असला तर शिलाई, दुसरं काही बघू नका. आणि पानांना नंबर घाला.

आता शिलाईच सांगते आधी, कारण सगळ्यात कमी पैशात सुरू होणारं तेच हाय. दाभण, सुई, दोरा, मेणबत्तीचा तुकडा, पट्टी, बास. दोरा चांभाराकडचा मेणाचा मिळाला तर उत्तम. आमच्या शापूर-वडगावात मागाचं सूत हवं तेवढं मिळतंय पण ते पातळ असतंय, तीन पदर एकत्र पिळून मेणबत्तीवरनं दोनदा ओढून घ्यायचं, नाहीतर कागद कापतंय. ए४ चे ८ ते १० कागद मधनं दुमडायचे, ए५ ची वही होत्या, १० कागदाला ४० पानं. घडीवर आतल्या बाजूनं तीन खुणा करायच्या, एक बरोब्बर मध्ये, दोन कडेपासनं चार-चार सेंमीवर, आणि खाली जुनी चप्पल नाहीतर थर्माकोल घेऊन दाभणानं भोक पाडायचं. दाभण घडीच्या बरोबर रेषेत उतरलं पाहिजे, अर्धा मिलीमीटर इकडं तिकडं झालं की वही बंद केल्यावर कण्यावर भोक वाकडं दिसतंय.

सुई आतनं मधल्या भोकातनं बाहेर काढायची, शेपटी बोटभर आत सोडून. बाहेरनं वरच्या भोकातनं आत. आतनं मधलं भोक सोडून सरळ खालच्या भोकाला जायचं आणि बाहेर निघायचं. परत मधल्या भोकातनं आत. आता तो आतला लांब टाका मध्ये आडवा पडलेला असतोय, दोऱ्याचं एक टोक त्याच्या ह्या बाजूला आणि एक त्या बाजूला घेऊन टाक्यावरच गाठ मारायची. दोरा ओढताना घडीच्या रेषेत ओढा, उलटं वर ओढला की भोक फाटून लांब होतंय. पहिली वही मला वीस मिनिटं लागली होती, आता चार मिनिटात होत्या.

१२ कागदाच्या वर एका घडीत घालू नका. आतली पानं बाहेर सरकत्यात, वहीची कड उतरती होत्या, मग कटिंगला द्यावं लागतंय. जास्त पानं पाहिजेत तर आठ-आठ कागदाचे जुज, म्हणजे मधनं दुमडलेले गठ्ठे, करून एकमेकाला शिवायचे, प्रेसवाले जुज बायंडिंग म्हणतात ते, पण ते शिकायला आठ दिवस द्यावे लागतात. मी शिकले पण ऑर्डरीला करत नाही, वेळ फार जातोय.

ज्याला हे पण नको त्याला सेंटर पिन. लांब हाताचा स्टेपलर मिळतोय, मधल्या घडीवर दोन पिना. दहा-बारा कागदाच्या कवितेच्या वहीला, क्लासच्या टेस्टच्या वहीला चांगलं. पिना पावसाळ्यात गंजतात एवढं लक्षात असू दे.

मशीनवाल्या तिघांत माझं मत विचाराल तर पोरांच्या वहीला प्लॅस्टिक स्पायरल. दप्तरात कशीबशी कोंबली तरी परत सरळ होत्या, वायरो एकदा चेपली की कडी उघडून पानं लोंबायला लागतात आणि कोंबच्या फण्या उन्हात पडून मोडतात. स्पायरलचं सामान पण आपल्याकडं सहज मिळतंय, बेळगावात गणपत गल्ली, रविवार पेठ हिंडलं की मिळतंय, निपाणी-चिकोडीच्या झेरॉक्सवाल्यांकडं पण असतंय. फक्त दोन्ही टोकं कापून आत वळवायला विसरू नका, नाहीतर ते फिरत फिरत बाहेर येतंय आणि ओढणीत अडकतंय. त्याची वेगळी पक्कड मिळत्या.

वायरो दिसायला देखणं. भेट द्यायची वही, स्केचबुक, कॅलेंडर असलं तर वायरोच करा, पान पूर्ण मागं फिरतंय आणि समोरासमोरची पानं एका रेषेत राहतात, स्पायरलमध्ये जरा वरखाली होतात. पण वायरोचं गणित कडक हाय. ७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) एक कागद साधारण ०.१ मिमी धरा. १०० कागद म्हणजे १० मिमी, दोन्ही कव्हरं मिळून १ मिमी, आणि पानं फिरायला ३ मिमी मोकळं पाहिजे, झाले १४. आणि ३:१ मध्ये सगळ्यात मोठी वायर १४.३ मिमीचीच येत्या. म्हणजे १०० कागदाच्या, २०० पानांच्या वर वही गेली की ३:१ मशीन संपलं, २:१ लागतंय. एकच मशीन घेणार असाल तर ३:१ घ्या आणि जाड वहीची ऑर्डर सरळ नाही म्हणा.

वायर दाबताना एक युक्ती हाय, मला कुणी सांगितली नव्हती, पहिल्या पंधरा वह्या तशाच गेल्या. मागचं कव्हर मागं ठेवायचंच नाही. ते उचलून पुढच्या कव्हरवर उपडं ठेवायचं, तोंडाला तोंड लावून, मग सगळं एकत्र ओवायचं, वायर दाबायची, आणि शेवटी ते कव्हर फिरवून मागं न्यायचं. वायरचा सांधा मागचं कव्हर आणि शेवटचं पान ह्यांच्यामध्ये जाऊन लपतोय. आणि दाबताना हळू, सांधा गोल मिटला की थांबायचं, अजून थोडं अजून थोडं करत बसलं की कडी चपटी होत्या.

अजून एक, वायरची पट्टी ३४ कड्यांची येत्या आणि ए५ ला २४ लागत्यात. उरलेल्या १० टाकू नका, त्यात खिशातलं वरनं उघडणारं पॅड होतंय, ए६ पेक्षा जरा अरुंद. मी तीच फुकट देते मोठ्या ऑर्डरीबरोबर, लोकं खुश.

कोंबचं एकच कौतुक, बांधून झाल्यावर फण्या उघडून पान घालता काढता येतंय आणि तीच फणी परत वापरता येत्या. कॉलेजच्या प्रोजेक्टला ठीक. वहीला मला आवडत नाही, हाताखाली टोचतंय. मशीन गळ्यात पडलंय म्हणून वापरते.

डिस्कचं पण हल्ली पोरी विचारायला लागल्यात, त्या मशरूमसारख्या भोकांच्या आणि गोल चकत्यांच्या प्लॅनरचं. पान ओढलं की निघतंय, परत दाबलं की बसतंय, मजा वाटत्या. पण चकत्या ऑनलाइनच मागवाव्या लागतात, आणि साध्या झेरॉक्स कागदाच्या पाकळ्या चार वेळा काढघाल केली की फाटतात, कमीत कमी १०० जीएसएम वापरा. स्वतःपुरता एक प्लॅनर पाहिजे तर हौस म्हणून करा, विकायला परवडत नाही. त्यापेक्षा साधा दोन भोकांचा पंच, दोन्ही भोकांत ८० मिमी अंतर, आणि दोन सुट्या रिंगा नाहीतर ऑफिसातला हिरवा टॅग. तेच काम, आणि पंच बहुतेक घरात आधीच असतोय.

फेविकॉलनं पाठ चिकटवून पॅड करणं सोपं. कागद ठोकून सरळ करायचे, दोन फळ्यांत आवळायचे, पाठ एका बाजूला वाकवून गोंद, मग दुसऱ्या बाजूला वाकवून गोंद, म्हणजे प्रत्येक कागदाच्या कडेला मिलीभर गोंद शिरतोय. वर कापडाची पट्टी, रात्रभर वजन. इथं कागदाची धार बघायची. झेरॉक्स कागदाचे धागे बहुतेक लांब बाजूला धावतात, एक कागद दोन्ही बाजूनी फाडून बघा, धारेच्या बाजूला सरळ फाटतंय, आडवं वेडंवाकडं. ए४ चे मधनं कापून ए५ केले की धार पाठीला आडवी येत्या आणि गोंदाच्या ओलीनं पाठ लाटा लाटा होत्या, वही ताठ राहत्या. वायरो-स्पायरलला ह्याचा त्रास नाही, पान कडीत फिरतंय त्यामुळं. चिकटवायचंच असेल तर कागदाच्या दुकानातनं मोठा शीट घेऊन धार बघून कापून घ्या.

आता पैशाचं. रिममध्ये ५०० ए४, कापून १००० ए५, म्हणजे १०० कागदाच्या १० वह्या. कागदाचा खर्च सगळ्या पद्धतीत तोच पडतोय, फरक बांधायचा. समजा दुकानदार एक वही बांधायला ४० रुपये घेतोय, आणि घरी केलं तर वायर-कव्हर मिळून १२ रुपयात होतंय, तर एका वहीमागं २८ वाचले. मशीन ४००० चं असेल तर १४३ वह्या झाल्यावर ते फिटतंय. तुमचे आकडे घालून हेच गणित करा. वर्षात ३०-४० वह्या करणार असाल तर मशीन घेऊ नका हो, कागद कापून कव्हर छापून झेरॉक्सवाल्याकडं न्यायचं, गठ्ठ्यानं दिलं की तो कमी करतोय, आणि वेळ तुमचा वाचतोय. आणि कष्ट पण मोजा. मशीनवर लिहिलेलं असतंय एका वेळी १२ कागद, खरं ८ घालावेत. १०० कागदाला १३ वेळा आणि कव्हराला दोन, एका वहीला १५ वेळा हँडल, ५० वह्यांना ७५०. संध्याकाळी भाकरी थापायला हात उचलत नाही.

घ्यायचंच ठरलं तर दुकानात एवढं बघा. भोक पाडणाऱ्या पिना एकेक वर ओढून बंद करायची सोय आहे का, नसली तर ए५ च्या कडेला अर्धं भोक पडतंय आणि वही पहिल्याच दिवशी फाटल्यासारखी दिसत्या. कागद टेकवायची बाजूची पट्टी हलत नाही ना. भोक कडेपासनं किती आत पडतंय ते बदलता येतंय का, जाड वहीला जरा आत पाहिजे. खालचा कचऱ्याचा ट्रे सहज निघतोय का, कारण तो भरला की बारीक तुकडे वर येऊन पिना अडकतात आणि आपण मशीन बिघडलं म्हणून रडत बसतो. जुनं घेताना एकच कागद घालून बघा, दहा कागद जुन्या मशीनला पण कापतात पण एका कागदाला जर भोकाच्या कडेला लव सुटली तर पिना बोथट झाल्यात. आणि सामान कुठं मिळतंय ते मशीनच्या आधी विचारा. सामान कोल्हापूरला मिळतंय म्हणाला तर येण्याजाण्याचं भाडं त्या १२ रुपयात धरा.

कव्हराला जाड पुठ्ठा घ्यायचा मोह होतोय, साधं मशीन तो कापत नाही, ३०० जीएसएमचा कार्ड लॅमिनेट करून घ्या. शिलाईच्या वहीला मात्र पुठ्ठ्यावर खण नाहीतर साडीचा उरलेला काठ चिकटवला तर लोकं हातातनं सोडत नाहीत. कापडाला फेविकॉल पातळ करू नका, डाग वर उठतोय. जुने बायंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, ते विषारी असतंय, घरात पोरं असताना नको.

आणि जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या तोंडावर ऑर्डर घेत असाल तर चिकटवायचं काम मे मध्येच उरकून घ्या. खानापूरकडं तर विचारूच नका, पाऊस एकदा लागला की फेविकॉल दोन-दोन दिवस वाळत नाही आणि कापलेला कागद उघडा राहिला तर सकाळपर्यंत पापडासारखा वाकतोय. रिम प्लॅस्टिकमध्येच ठेवायची, लागेल तेवढीच काढायची.