गुडघ्याची वाटी नेमकी कुठे आहे? एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या मोजमापात या चुका टाळा

वाटी वारंवार निसटणाऱ्या पेशंटच्या फाइलमध्ये एक्स-रे असतो, एमआरआय असतो, कधी सीटीही असतो. एका रिपोर्टात 'वाटी वर सरकलेली', दुसऱ्यात 'नॉर्मल'. नातेवाईक विचारतात, यातलं खरं कुठलं? बऱ्याचदा दोन्ही खरे असतात. घोळ होतो तो एका तपासणीची नॉर्मल मर्यादा दुसऱ्या तपासणीच्या आकड्याला लावल्यामुळे.

सगळ्यात जास्त वापरात असलेलं माप म्हणजे इन्सॉल-साल्वाती गुणोत्तर, १९७१ सालचं. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर वाटीच्या खालच्या टोकापासून नडगीच्या उंचवट्यापर्यंत टेंडनची, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणाऱ्या दोरीसारख्या पट्ट्याची, लांबी घ्यायची आणि तिला वाटीच्या सर्वांत जास्त लांबीने भागायचं. ०.८ ते १.२ नॉर्मल. त्याहून जास्त आलं तर वाटी वर, म्हणजे पटेला अल्टा. कमी आलं तर खाली, म्हणजे पटेला बाहा. गुणोत्तर असल्यामुळे एक्स-रे थोडा मोठा-लहान निघाला तरी बिघडत नाही, आणि म्हणूनच ते इतकं टिकलं.

एक्स-रेची मर्यादा एमआरआयला लावणे

एमआरआयवर टेंडन प्रत्यक्ष दिसतो, त्यामुळे तो कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे वेगळं पकडलं जातं. शिवाय वाटीची सर्वांत मोठी लांबी आणि अख्खा टेंडन एकाच स्लाइसवर येतीलच असं नाही. २००४ साली एमआरआयसाठी सुचवलेल्या मर्यादा वर १.५ आणि खाली ०.७४ अशा आहेत. काही जण वरची १.३ धरतात. आता समजा टेंडन ५० मिलिमीटर आणि वाटी ४०. भागाकार १.२५. एक्स-रेच्या नियमाने अल्टा, एमआरआयच्या नियमाने नॉर्मल, आणि गुडघा तोच. 'रेशो वाढलेला' एवढंच लिहिलेला रिपोर्ट माझ्या मते अर्धवट आहे. कशावर मोजलं आणि कोणती मर्यादा धरली, हे त्यात हवंच.

ऑपरेशननंतरही तेच माप धरून बसणे

ही चूक सगळ्यात महागात पडते. वाटी खाली आणायला सर्जन नडगीचा उंचवटा कापून खाली बसवतात. टेंडन त्या उंचवट्यासकट खाली सरकतो, त्याची लांबी बदलत नाही. म्हणजे इन्सॉल-साल्वाती आधी १.३ असेल तर नंतरही १.३ च. पेशंटला वाटतं ऑपरेशन फसलं.

इथे केटन-डेशां गुणोत्तर वापरायचं. त्यात वाटीच्या सांध्याकडच्या पृष्ठभागाचं खालचं टोक आणि नडगीच्या सांध्याचा पुढचा-वरचा कोपरा यांतलं अंतर घेऊन त्याच पृष्ठभागाच्या लांबीने भागतात. अंतर ४२ आणि पृष्ठभाग ३० मिलिमीटर असेल तर १.४. उंचवटा खाली नेल्यावर वाटी १२ मिलिमीटर उतरली तर ३० भागिले ३०, म्हणजे १.०. फरक लगेच दिसतो.

गुडघा बदलल्यावर उलटं होऊ शकतं. सांध्याची रेषाच वर गेली तर टेंडन तेवढाच राहतो, पण सांध्याच्या मानाने वाटी खाली दिसते. ते फक्त इन्सॉल-साल्वाती पाहून कळत नाही.

काहींच्या वाटीचं खालचं टोक नाकासारखं लांब असतं. त्या टोकाचा सांध्याशी संबंध नसतो, पण ते वाटीच्या लांबीत मोजलं जातं, भागाकार उतरतो आणि वर असलेली वाटी 'नॉर्मल' ठरते. अशा वेळी पृष्ठभागावरून मोजणारी पद्धत घ्यावी.

गुडघा कसा ठेवला होता, हे न पाहणे

एक्स-रेसाठी गुडघा साधारण ३० अंश वाकवतात, म्हणजे टेंडन ताणलेला राहतो. एमआरआयमध्ये पेशंट पाय जवळजवळ सरळ ठेवून, मांडीचे स्नायू सैल सोडून झोपलेला असतो. टेंडन नागमोडी पडतो आणि टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ ओढली की लांबी कमी भरते. मांडी आवळली तर वाटी वर जाते. एक्स-रेवर मांडीच्या हाडाचे दोन्ही गोल एकावर एक बसलेले नसतील, तर तो पुन्हा काढून घ्या. तिरक्या एक्स-रेवर दशांशापर्यंत मोजण्यात अर्थ नाही.

वाटी बाहेरच्या बाजूला कललेली आहे का, हे पाहतानाही तेच. मर्चंट पद्धतीच्या एक्स-रेत गुडघा ४५ अंश वाकतो. तोवर बहुतेक वाट्या मांडीच्या हाडाच्या खाचेत बसलेल्या असतात, मग कल दिसणार कुठून? पाय जवळजवळ सरळ असताना काढलेल्या सीटी किंवा एमआरआयच्या आडव्या स्लाइस त्यासाठी जास्त उपयोगी.

सीटीचे २० मिलिमीटर एमआरआयवर

मांडीच्या हाडाच्या त्या खाचेचा तळ आणि नडगीचा उंचवटा यांतलं आडवं अंतर, म्हणजे टीटी-टीजी. ते जास्त असेल तर उंचवटा बाहेरच्या बाजूला. २० मिलिमीटरची प्रसिद्ध मर्यादा फ्रान्समधल्या लिऑनच्या डॉक्टरांनी सीटीवर ठरवली. एमआरआयवर हेच अंतर सहसा दोन-तीन मिलिमीटर कमी येतं, आणि गुडघा वाकला की आणखी कमी होतं. त्यामुळे एमआरआयवरचे १८ पाहून 'अजून दोन मिलिमीटर शिल्लक आहेत' असा हिशेब करू नका. उंचवटा सरकवायचा की नाही, हे या आकड्यावर ठरणार असेल तर कोणत्या मशीनवर आणि गुडघा किती वाकलेला असताना मोजलं, ते आधी विचारा. फॉलो-अपला पुन्हा तीच तपासणी करा. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवून मिलिमीटर मोजून मागू नका, सीडी द्या.

लहान मुलांत वाटीचा बराच भाग अजून कूर्चेचा असतो आणि एक्स-रेत तो दिसत नाही. वाटी लहान भासते, इन्सॉल-साल्वाती फुगतं आणि धडधाकट पोराच्या कागदावर 'अल्टा' उमटतं. तिथे एमआरआयवर कूर्चेसकट मोजावं. आणि मूल तक्रार न करता खेळत-पळत असेल, तर मुळात मोजायचं कशाला?